ट्रेलरचं लायसन्स, आणि लायसन्सनंतरचा ट्रेलर

नागपूरच्या एका मुलाचा प्रश्न आहे. वय 23, तीन वर्षं कळमना मार्केटमधून पिकअप चालवतो, लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या गाडीचं. वाडीतला एक ट्रान्सपोर्टवाला त्याला म्हणाला, "हेवी काढून आण, चाळीस फुटी ट्रेलरवर बसवतो." ड्रायव्हिंग स्कूलकडे साधा ट्रक आहे, ट्रेलर नाही. ओळखीच्या उस्तादानं यार्डात ट्रेलर मागं घ्यायला दिला, तर दर वेळी घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आणि ट्रेलर कोपरात मुडपतात. तो विचारतोय: काका, परीक्षा ट्रेलरवरच द्यावी लागते का? रिव्हर्स कसा जमवू? आणि मला चष्मा आहे, तो आड येईल का?

कागदाचं आधी उरकतो, ते सोपं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 10 मध्ये लायसन्सचे वर्ग दिलेत, त्यात घोडा-ट्रेलरचा वेगळा वर्ग नाही. 1994 च्या दुरुस्तीनंतर मध्यम आणि जड मालगाड्या, प्रवासी गाड्या मिळून ‘ट्रान्सपोर्ट वाहन’ असा एकच वर्ग झाला. म्हणून स्कूलच्या साध्या जड ट्रकवर परीक्षा दिलीस तरी तुझं काम होतं, ट्रेलर भाड्यानं आणून आरटीओच्या दारात उभा करायची गरज नाही. एवढंच बघ की लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर अर्ज भरताना जड गाडीचा ‘ट्रान्सपोर्ट वाहन’ हाच वर्ग निवडला गेलाय. स्कूलवाले घाईत भलतंच टिक करतात, आणि मग साडेसात टनांच्या आतलीच गाडी नशिबी येते. तेवढी तर तुझ्या आजच्या लायसन्सवरही चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये ते पक्कं केलंय: 7,500 किलोपर्यंतच्या मालगाडीला एलएमव्ही पुरतं. त्यामुळे तुझी पिकअपची तीन वर्षं बेकायदा होती का, ही धास्ती मनातून काढ.

बाकी अटी तू पूर्ण करतोस. ट्रान्सपोर्टसाठी वय 20 लागतं आणि एलएमव्ही किमान एक वर्ष जुनं लागतं. डॉक्टरचा फॉर्म 1-ए आणि मान्यताप्राप्त स्कूलचा फॉर्म 5, दोन्ही लागतील. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पहिले 30 दिवस परीक्षा देता येत नाही. हे 30 दिवस घरी बसून घालवू नकोस. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी सरकारनं जड वाहनाचा जो अभ्यासक्रम ठरवलाय तो सहा आठवड्यांत 38 तासांचा आहे. तुझं स्कूल "चार दिवस चालव, सही घेऊन जा" म्हणत असेल तर फी कमी करून मागण्यापेक्षा तास वाढवून माग. शाळेची आठवी पास असण्याची अट 2019 मध्ये गेली, तेव्हा मार्कशीट शोधत बसू नकोस.

आता मुख्य गोष्ट. परीक्षा पास होशील त्या दिवसापासून कायद्यानं तू 55 टनांचा ट्रेलरही चालवू शकशील. एकदाही न चालवता. आपल्याकडच्या व्यवस्थेतली ही मोठी फट आहे आणि ती कुठल्या कागदानं बुजत नाही. वाडीच्या त्या शेठला हे चांगलं ठाऊक आहे. तो तुझं कार्ड बघेल, खिशात ठेव म्हणेल आणि गोडाऊनच्या धक्क्याला गाडी लावून दाखव म्हणेल. आरटीओतली परीक्षा आणि ही परीक्षा वेगवेगळ्या आहेत. तयारी मात्र एकत्र करता येते, कारण नियम 15 मध्ये परीक्षेला जे जे मागितलंय त्यातलं बरंच ट्रेलरलाही तसंच लागतं: अरुंद जागेत डावीकडे किंवा उजवीकडे गाडी मागं घेणं, चढावर थांबून मागं न घसरता निघणं, उताराला लगेच खालचा गिअर टाकणं, आरशात बघून मगच इशारा देणं.

तुझा घोडा का मुडपतो ते सांगतो. पिकअपमध्ये तुझी सवय अशी झालीय की मागचं टोक उजवीकडे न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडे मारायचं. ट्रेलरला उलटं. तुझ्या आजोबांकडे बैलगाडी असेल तर त्यांना विचार, रिकामी गाडी गोठ्यात मागं ढकलताना मागचं टोक उजवीकडे हवं असेल तर जू डावीकडे ढकलतात. ट्रेलरची किंग पिन, म्हणजे घोड्यात अडकणारी त्याच्या पुढच्या टोकाखालची खुंटी, हे ते जू. घोड्याची शेपटी डावीकडे गेली की किंग पिन डावीकडे जाते आणि ट्रेलरचं मागचं टोक उजवीकडे वळायला लागतं. इथवर सगळ्यांना कळतं. गडबड पुढे होते. ट्रेलर वळायला लागला की तो वळतच राहतो, तू स्टेअरिंग सरळ केलंस तरी कोन वाढत जातो. म्हणून वळण लागल्याबरोबर स्टेअरिंग उलट बाजूला आणून घोड्याला ट्रेलरच्या मागोमाग न्यावं लागतं. नवा माणूस आरशात ट्रेलर वळलेला दिसेपर्यंत थांबतो. तो दिसतो तेव्हा कोन आधीच जास्त झालेला असतो. घाबरून तो आणखी मारतो, तेही चुकीच्या बाजूला. एका ठरावीक कोनाच्या पलीकडे रिव्हर्समध्ये स्टेअरिंग कितीही मारलं तरी ट्रेलर सरळ होत नाही. तिथे एकच उपाय: पुढं घ्यायचं.

पुढं घेण्यात लाज नाही. हे मी पोरांना ओरडून सांगतो, कारण यार्डात बघे जमले की पुढं घ्यायला कोणाला आवडत नाही. जुने ड्रायव्हर सहज दोन-तीनदा पुढं घेतात. परीक्षेतही ‘ताबा आणि पुरेशी अचूकता’ बघतात, एका दमात जायचं असं कुठे लिहिलेलं नाही.

सराव असा कर. उस्ताद शेजारी बसलेला हवा आणि त्याच्याकडे जड वाहनाचं चालू लायसन्स हवं. शिकाऊ लायसन्सवर एकट्यानं चाक हलवायचं नाही, यार्डातही नाही. ‘एल’ची पाटी घोड्याच्या पुढे आणि ट्रेलरच्या मागे, दोन्हीकडे लाव. मागची विसरली जाते. कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरात किंवा वाडीत रविवारी एखादं यार्ड रिकामं मिळतं, मालकाला विचारून घे. ट्रेलर रिकामाच घे.

पहिले काही दिवस वळायचंच नाही. पन्नास-साठ पावलं सरळ पुढं, तेवढंच सरळ मागं. ट्रेलर सरळ मागं नेणं हेच सगळ्यात अवघड आहे, आणि ते जमल्याशिवाय लोक वळण शिकायला जातात म्हणून अडकतात. नजर दोन्ही आरशांवर फिरती ठेव. एका आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागला, तर स्टेअरिंग त्याच आरशाकडे थोडं फिरव. उजव्या आरशात वाढला, उजवीकडे. डाव्या आरशात वाढला, डावीकडे. पुन्हा दोन्हीकडे सारखा दिसला की स्टेअरिंग सरळ. ‘थोडं’ म्हणजे पाव चाक, कधीकधी त्याहून कमी. पिकअपमधून आलेला माणूस अर्धं-अर्धं चाक मारतो आणि ट्रेलर नागमोडी होतो. आणि वेग किती? क्लच सोडून गाडी आपोआप जितकी सरकते तितकाच. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नकोस. रिव्हर्समध्ये नव्या माणसाचा वेळ वाया जातो तो वेगानं, सावकाशीनं कधीच नाही.

सरळ जमलं की मग वळण, आणि तेही आधी उजवीकडचं. तू उजवीकडे बसलायस, खिडकीतून मान बाहेर काढून ट्रेलरची मागची चाकं तुला दिसतात. डावीकडे वळताना उजव्या आरशात फक्त आकाश आणि घोड्याची पाठ दिसते, सगळा कारभार डाव्या आरशावर. त्याला आपण आंधळी बाजू म्हणतो. शक्य असेल तिथे जागेवर अशी गाडी लाव की मागं घ्यायचं वळण उजवीकडे येईल. गोडाऊन डाव्या हाताला असेल तर पुढे जाऊन वळून ये, पाच मिनिटं जातील, खांब वाचेल.

रिव्हर्सचं अर्धं काम पुढे जाताना होतं, हे फार कमी लोक सांगतात. गोडाऊनच्या दारासमोरून पुढे जाताना तू गाडी कुठे नि किती तिरकी थांबवतोस त्यावर पुढचं सगळं ठरतं. दार उजव्या हाताला ठेवून, त्यापासून जरा दूरून पुढे जा, दार ओलांडलं की डावीकडे हलकं वळण घेऊन मग उजवीकडे सरळ कर, म्हणजे ट्रेलरचं मागचं टोक दाराकडे आधीच थोडं तिरकं होतं. मग मागं घेताना कोन मुळात कमी करावा लागतो. वाडीच्या गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना ट्रक उभे असतात आणि एवढी जागा मिळत नाही असं म्हणशील. कधी नाहीच मिळत. अशा वेळी उतरून चालत जा, मागं बघ, वर बघ. विजेच्या तारा, गोडाऊनचा पत्रा, झाडाची फांदी हे आरशात दिसत नाही.

हमाल ओरडतात, "येऊ दे, येऊ दे, आनखी येऊ दे!" चार जण चार बाजूंनी. एकालाच सांग आणि बाकीच्यांना गप्प बसव. तो एक आरशात दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक. तो कुठे असेल याचा अंदाज करायचा नाही.

वळणांबद्दल एक गोष्ट पिकअपवाल्यांना लवकर पटत नाही. ट्रेलरची मागची चाकं घोड्याच्या मागे येत नाहीत, ती आत कापत येतात. चाळीस फुटी ट्रेलरवर तंग वळणाला ती आठ-दहा फूट आत येतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे डावीकडे वळताना धोका जास्त: वळण तंग, बाजू आंधळी, आणि नेमकी त्याच पोकळीत स्कूटी घुसते. वळायच्या आधी गाडी जरा उजवीकडे घ्यावी लागते, आणि मागच्याला वाटतं हा उजवीकडे चाललाय, म्हणून तो डावीकडून काढतो. इशारा लवकर दे, डाव्या आरशातून नजर काढू नकोस आणि शंका आली तर थांब. नागपूरच्या चौकांत तुझ्यामागे हॉर्न वाजतील. वाजू दे.

ट्रेलर जोडणं आणि सोडणं तुला स्कूलमध्ये कोणी शिकवणार नाही, पण कामावर पहिल्याच आठवड्यात करावं लागेल. जोडताना आधी ट्रेलरचे ब्रेक लागलेले आहेत ना बघ. घोडा सरळ रेषेत लावून, थोडा आधी थांबून, उतरून उंची बघ. ट्रेलरची प्लेट घोड्याच्या प्लेटपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घोडा आत सरकताना तिला थोडं उचलतो. ती उंच असेल तर किंग पिन कुलुपाच्या वरून निघून जाते आणि ट्रेलर केबिनवर येतो. खटका वाजला म्हणजे जोडलं गेलं असं समजू नकोस. ट्रेलरचे ब्रेक तसेच ठेवून पहिल्या गिअरमध्ये हलका ओढा दे, मग खाली वाकून बॅटरी मारून बघ: दोन प्लेटांमध्ये फट नको, जबडा किंग पिनभोवती बंद हवा, खिट्टी जागेवर हवी. त्यानंतर हवेचे दोन्ही पाइप आणि लाइटची केबल. लाल पाइप ट्रेलरला हवा पुरवतो, तो सुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप जाम होतात. रस्त्यात असं झालं तर घाबरू नकोस, यंत्रणा तशीच बनवलीय. सगळ्यात शेवटी ट्रेलरचे पाय, म्हणजे घोडा नसताना तो ज्यावर उभा राहतो ते पुढचे टेकू, वर घे.

सोडताना क्रम उलटा, पाय आधी खाली. आपल्याकडे मात्र एक गोम आहे: काळी माती. पावसाळ्यात हिंगण्याकडे, बुटीबोरीकडे कच्च्या यार्डात भरलेला ट्रेलर पायांवर सोडून गेलात तर रात्रीतून एक पाय रुतलेला सापडतो आणि ट्रेलर कललेला. पायाखाली जाड लाकडी फळ्या किंवा लोखंडी प्लेट टाकल्याशिवाय पिन ओढू नकोस. फळ्या घोड्यावर कायम असू दे.

हवेचं. सकाळी इंजिन चालू केल्यावर काट्याला हवा पूर्ण भरू दे, बझर बंद होईपर्यंत गाडी हलवायची नाही. उतारावर ब्रेकवर पाय रेटून बसलं की ड्रम तापतात आणि मग ब्रेक धरत नाहीत. चढाला जो गिअर लागला असता तोच उताराला ठेव, एक्झॉस्ट ब्रेक वापर आणि पायानं थोडं दाबून सोडत राहा. नागपूरजवळ हा धडा मिळत नाही, आपलं सगळं सपाट. अमरावती रस्त्यावर तळेगावच्या घाटात थोडा अंदाज येतो, पण न्हावाशेवाला कंटेनर घेऊन कसारा उतरायचा झाला तर पहिल्या वेळी शेजारी जुना माणूस हवाच. शेठला तसं आधीच सांग. नाही म्हणणाऱ्या शेठकडे काम करू नकोस.

रिकाम्या ट्रेलरला लोक हलका समजतात. भरलेल्यापेक्षा तो ओल्या रस्त्यावर जास्त दगा देतो, कारण मागच्या चाकांवर वजन नसतं, जोरात ब्रेक लावला की ती लॉक होतात आणि ट्रेलर बाजूनं फिरून येतो. पहिल्या पावसात कामठी रोडवर हे लक्षात ठेव.

गिअरचं फार सांगत नाही, गाडीवर बसलास की कळेल. बऱ्याच ट्रेलरना नऊ गिअरचा बॉक्स असतो, एक क्रॉलर (सगळ्यात हळू) आणि लो-हायमध्ये चार-चार. भरलेली गाडी खालच्या गिअरनं उचल, क्लच जाळू नकोस.

समृद्धीवर मिळालं तर सोपं, असंही तू लिहिलंयस. शिवमडक्यापासून आमण्यापर्यंत 701 किलोमीटर, तंग वळण नाही, चौक नाही, हे खरं. म्हणूनच तो शिकण्याचा रस्ता नाही. तिथे ट्रेलर येतो की नाही हे कळत नाही, फक्त झोप येते की नाही हे कळतं. मालगाड्यांना तिथे ताशी 80 ची मर्यादा आहे, ती पाळ, आणि मे महिन्यात टायरची हवा पहाटे गार असताना बघ. 45 अंशांत दुपारी काटा लावून जास्त दिसली म्हणून हवा सोडणारे आहेत, त्यांचे टायर रात्री कमी हवेवर चालतात आणि मग फुटतात.

परीक्षेच्या दिवसाकडे येतो. गाडीचं आरसी, विमा, फिटनेस आणि पीयूसी चालू आहे ना हे स्कूलवाल्याला आदल्या दिवशी विचार, कागद संपलेल्या गाडीवर परीक्षा होत नाही आणि फेरी फुकट जाते. केबिनमध्ये चढायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मार, टायरांना हात लाव, खाली तेल गळतंय का बघ. निरीक्षक बघत असो नसो. बसल्यावर सीट, आरसे, बेल्ट, मग चावी. मान हलताना दिसली पाहिजे, नुसते डोळे फिरवलेस तर त्यांना कळत नाही. चढावर थांबून निघताना हँडब्रेकचा तो छोटा दांडा क्लच पकडेपर्यंत सोडू नकोस, गाडी किंचित दबलेली जाणवते, तेव्हाच सोड. हा सराव उड्डाणपुलाच्या चढावर करायचा नाही, गोडाऊनच्या रॅम्पवर कर. नापास झालास तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं की शेवटच्या परीक्षेपासून 60 दिवस थांबावं लागतं.

पास झाल्यावर लगेच ट्रेलर मागू नकोस. काही महिने त्याच शेठच्या ट्रेलरवर दुसरा ड्रायव्हर म्हणून जा, पगार कमी मिळाला तरी. उस्ताद चहाला थांबला की गोडाऊनमध्ये गाडी लावायचं काम मागून घे.

चष्म्याचं: चष्मा लावून नजर नीट असेल तर अडचण नाही, फॉर्म 1-ए वर डॉक्टर तसं लिहितात. लाल-हिरवा ओळखता येतो का तेही तपासतात, ते आधीच तपासून घे. डोळ्यांचा नंबर जुना असेल तर शिकाऊ लायसन्सच्या आधी नवा काढ, आणि चष्म्याचा दुसरा जोड केबिनच्या कप्प्यात ठेव.